जर-तरच्या गोष्टी

उन्हाळ्याच्या सुटीत लातूरची नात नांदेडला आमच्याकडे आली होती. अकरावीला गेलेली, डॉक्टर व्हायच्या तयारीला लागलेली. माझ्या कपाटातलं एक पुस्तक चाळून तिनं विचारलं, ‘‘आजोबा, जे झालंच नाही त्याची गोष्ट कशाला वाचायची?’’

तिच्या हातात जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा होती. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठ्यांचा धीर खचला. ती गोळी नुसती चाटून गेली असती तर? अपघातानंतर इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत नेमके अशाच जगात जाऊन पोचतात, जिथं पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे! हीच कथा ‘द ॲडव्हेंचर’ या नावानं एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात आहे.

आपल्या मराठवाड्याला हे जर-तर काही नवं नाही. १९४७च्या १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, पण नांदेड-लातूर निजामाच्याच राज्यात राहिलं. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. तसं झालं नसतं तर?

माझे वडील उर्दू माध्यमात शिकले. घरखर्चाचा हिशेब ते अखेरपर्यंत उर्दूतच लिहीत. त्या वह्या मी जपल्या आहेत, पण मला त्या वाचता येत नाहीत. कदाचित हा लेखही मी उर्दूत लिहिला असता आणि बँकेतला पगार हाली शिक्क्यांत घेतला असता! वडील रझाकारांचे जुलूम सांगत. पण पोलीस ॲक्शननंतर निरपराध मुसलमानही मारले गेले, हे सांगताना त्यांचा आवाज उतरायचा. पंडित सुंदरलाल समितीनं ज्या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचं नोंदवलं, त्यांत नांदेड होता आणि उस्मानाबादही. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. म्हणजे जर-तर मांडायचं तर दोन्ही बाजू मांडाव्या लागतात.

नातीला मी आमच्या बँकेतला जुना नियम सांगितला. संगणक येण्यापूर्वी लेजरमध्ये चुकीची नोंद खरवडून काढायची सोय नव्हती. तिच्यावर एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. खालचा आकडा वाचता आलाच पाहिजे. जर-तरच्या कथा हेच काम करतात. जे घडलं त्याच्याखाली जे घडू शकलं असतं तेही वाचता येतं, आणि आज मिळालेलं आपोआप मिळालेलं नाही हे ध्यानात येतं.

याच्या अगदी उलट काम जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीतला विन्स्टन करतो. सरकारच्या सोयीप्रमाणे जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर बदलणं ही त्याची नोकरी. खालचा आकडाच नाहीसा! हैदराबाद मुक्त झालं त्या १९४८ साली ऑर्वेल ही कादंबरी पुरी करत होता. ती १९४९ला प्रसिद्ध झाली. रे ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट ४५१’मध्ये तर आग विझवणारे बंबवालेच पुस्तकं जाळतात. ही दोन्ही पुस्तकं घरात जरूर असावीत. मुलांना मात्र आधी नारळीकर द्या, मग ऑर्वेल. धास्ती वाटण्याआधी कुतूहल वाटलेलं बरं.

‘‘पण अशी भयंकर जगं खरी थोडीच असतात?’’ नातीनं विचारलं.

मी तिला २०१६चा उन्हाळा आठवायला सांगितला. तेव्हा ती सात वर्षांची होती. लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी करायला जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा टाक्या, पाच लाख लिटर. एखाद्या कादंबरीत वाचलं असतं, तर लेखकानं जरा जास्तच ताणलंय, असं मी म्हटलं असतं.

ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, ‘‘आजोबा, ती गाडी आलीच नसती तर?’’

मी कपाटातली एक कोरी वही काढून तिच्यापुढे ठेवली. वडिलांच्या वह्यांशेजारीच ती पडून होती.