माझा शेजारी कोण?



वरील प्रश्न प्रभू येशूला एका शास्त्र्याने विचारला होता. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात तो आपणांस आढळतो. आपण कोठवर बांधलेले आहोत आणि कोठून पुढे मोकळे आहोत, हे कायदा जाणणाऱ्या मनुष्यास आधी ठाऊक करून घ्यावयाचे असते. प्रभूने त्यास मर्यादा आखून दिली नाही. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारा एक रस्ता आणि त्याच्या कडेला अर्धमेला होऊन पडलेला एक अनोळखी मनुष्य त्याने त्याच्यापुढे उभा केला.

त्या मनुष्यास पाहून सर्वांआधी जो दुसऱ्या बाजूने निघून गेला, तो याजक होता. मिस्साच्या वेळी हे वचन वाचताना आमचा आवाज खाली येतो. त्याचे कारण आज सांगावयाचे आहे.

माळव्यात, धार जिल्ह्यात, राजगढ नावाचे गाव आहे. शिवछत्रपतींचा राजगड तो हा नव्हे. धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने, त्यामुळे त्या मुलखात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. इंदूरहून अहमदाबादेकडे जाणारा हमरस्ता या राजगढवरून जातो. सन २०१३ च्या सुमारास आम्ही त्या रस्त्याने झाबुव्याकडे निघालो होतो. दिवेलागणीची वेळ होती. राजगढ मागे पडल्यावर रस्त्याच्या कडेला एक मोटारसायकल आडवी पडलेली दिसली, तिच्याजवळ एक मनुष्य, आणि चार हात दूर उभे असलेले पाचसहा जण. आम्ही चालकास थांबावयास सांगितले. तो म्हणाला, "फादर, थांबू नका. पोलीस आपल्यालाच धरून ठेवतील. लोक म्हणतील, ह्यांच्याच गाडीने उडवला. मग कोर्टाच्या खेपा घाला जन्मभर." आम्ही गप्प बसलो. गाडी पुढे गेली. पुढच्या गावातून रुग्णवाहिकेस दूरध्वनी करविला आणि मनाचे समाधान करून घेतले. परंतु ते समाधान खरे नव्हते, हे आम्हांस त्याच रात्री उमगले.

त्या चालकास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्याचे भय सबंध देशाचे भय होते. 'सेव्हलाइफ फाउंडेशन' या संस्थेने २०१३ साली केलेल्या पाहणीत शंभरांपैकी ७४ जणांनी, अपघातात सापडलेल्यास आपण बहुधा मदत करणार नाही, असे सांगितले. त्यांतील ८८ टक्के लोकांनी कारण दिले ते पोलीस-चौकशीचे आणि कोर्टकचेरीचे. कायद्याने मदत करण्यास कधीच मनाई केलेली नव्हती. परंतु कायद्याच्या अंमलाची जी रीत पडली होती, तिने माणसांचे पाय बांधून टाकले होते.

ही गाठ सोडविण्यास फार वर्षे लागली. एका स्कूटरस्वारास जवळच्या रुग्णालयाने पोलीस-प्रकरण म्हणून दुसरीकडे धाडले आणि तो वाटेतच मरण पावला. त्या घटनेवरून उभ्या राहिलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सांगितले, की आधी जीव वाचवावा, कागदपत्रे मागाहून करावीत. आणि हे बंधन सरकारी व खासगी अशा सर्व डॉक्टरांवर आहे. त्यानंतर ३० मार्च २०१६ रोजी त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या रक्षणासाठी केलेल्या मार्गदर्शक सूचना देशभर बंधनकारक केल्या. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालण्यात आले. त्यानुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे त्यास आपले नावगाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, आणि हे हक्क रुग्णालयाच्या दाराशी स्थानिक भाषेतही लावणे आवश्यक आहे. या मदतनीसास इंग्रजी कायद्याने जे नाव दिले, ते आपल्या दृष्टांतातील चांगल्या शोमरोन्याचेच आहे! फ्रान्ससारख्या देशात तर संकटात सापडलेल्यास मदत न करणे हाच गुन्हा मानतात. आपल्या कायद्याने सक्तीचा मार्ग न धरता अभय देण्याचा मार्ग धरला.

मग काम संपले काय? येथे देवास जिल्ह्यातील एक घटना आम्ही आपल्यापुढे ठेवतो. सिस्टर राणी मारिया ही केरळची कन्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाची धर्मभगिनी. १९९२ साली ती उदयनगर येथे आली आणि शेतमजुरांना सावकारीच्या पाशातून सोडविण्यासाठी झटू लागली. काहींना ते रुचले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी ती बसने इंदूरकडे निघाली असता वाटेत तिच्यावर सुऱ्याचे वार झाले. तिच्या देहावर पन्नासाहून अधिक जखमा होत्या. बस प्रवाशांनी भरलेली होती. कोणीही आडवे आले नाही.

वाचकहो, दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी हल्लेखोरास रोखण्याचा हक्क आपल्या १८६० च्या दंडसंहितेने प्रत्येकास दिलेला होता. म्हणजे त्या बसमध्ये कायदा मदत करणाऱ्याच्याच बाजूस होता. तरीही कोणी उठले नाही. कायदा भय कमी करू शकतो; आसनावरून उठण्याचे बळ मात्र दुसरीकडून यावे लागते. ते कोठून येते?

त्याच मुलखातील भिल्ल बांधवांत 'हलमा' नावाची परंपरा आहे. एखाद्या घरास आपले काम एकट्याने झेपेनासे झाले, म्हणजे ते गावास हलमा घालते. माणसे आपापली अवजारे घेऊन येतात आणि मजुरी न घेता काम उरकून देतात. आपल्याकडील शेतकऱ्यांची इर्जिक तीच. आपल्या गावांतही कोणाकडे मयत झाली, की न बोलावता माणसे जमतात. तेव्हा मदतीचा संस्कार आपल्यात नाही असे नाही. उणीव एवढीच, की तो संस्कार ओळखीच्या उंबरठ्यावर थांबतो. रस्त्यावर बेशुद्ध पडलेला मनुष्य हलमा घालू शकत नाही. तो कोणत्या गावचा, कोणत्या जातीधर्माचा, हेही कोणास ठाऊक नसते.

हा उंबरठा ओलांडता येतो, याची साक्षही त्याच घटनेने दिली. सिस्टर राणी मारियाची सख्खी बहीण सिस्टर सेल्मी पॉल २००२ साली कारागृहात गेली आणि बहिणीच्या मारेकऱ्यास तिने राखी बांधली. परक्याहून परका असलेल्या मनुष्यास तिने भाऊ केले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियास धन्यवादित घोषित करण्यात आले.

आम्ही आपणांस तीन गोष्टी सुचवितो. अपघात दिसल्यास थांबावे, ११२ वा १०८ या क्रमांकावर कळवावे आणि मदत पोहोचेपर्यंत जखमीजवळ राहावे. पहिल्या तासात रुग्णालय गाठल्यास कित्येक जीव वाचतात. नव्या कायद्याने दिलेले अभय घरच्या मुलांना व गावातील गाडीवानांना समजावून सांगावे. २०१८ च्या पाहणीतही ८४ टक्के लोकांस त्याची माहिती नव्हती. आणि रात्री कुटुंबाची रोझरी म्हणताना, आज रस्त्यावर पडलेल्या अनोळखी माणसासाठी एक 'नमो मारिया' अर्पण करावी. ज्याच्यासाठी आपण रोज प्रार्थना करतो, त्याला ओलांडून जाणे कठीण होते.

मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. त्या क्षणी आम्हांस राजगढचा तो रस्ता दिसतो. तो मनुष्य जगला असो वा नसो, प्रभूने त्यास आपल्या हृदयाशी धरावे, आणि पुढच्या वेळी आम्हांस गाडीतून उतरण्याचे धैर्य द्यावे.