न विचारता वळवलेलं पाणी

कोचाबांबा, बोलिव्हिया

मावळातल्या शिरगाव-सोमाटण्याकडच्या वाचकांना अँडीजच्या खोऱ्यातलं हे शहर परकं वाटू नये. एप्रिल २००० मध्ये इथे पाण्यावरून गोळी चालली आणि १७ वर्षांचा एक मुलगा गेला. मावळात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर, पवना धरणाच्या बंदिस्त जलवाहिनीला विरोध करताना, पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. पाणी कमी, माणसं फार, म्हणून भांडण, असं सरसकट सांगितलं जातं. मला ते पटत नाही. १९९९ साली सरकारनं इथला पाणीपुरवठा ४० वर्षांसाठी परदेशी भागीदारीतल्या एका कंपनीला दिला. पुढे पाणीपट्टी वाढली, काहींची दुपटीवर गेली. पण त्याआधीच, नोव्हेंबर १९९९ मध्ये, रस्ते अडवले होते ते खेड्यांतल्या पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांनी, ज्यांचा शहरातल्या नळाशी संबंध नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांचं पाळीचं पाणी आणि वस्त्यांनी वर्गणी काढून खोदलेल्या विहिरी नव्या कायद्यानं हातच्या जातील, ही त्यांची धास्ती. पवनाकाठची धास्ती याच जातीची आहे. धरणातून नदीत सोडलेलं पाणी काठावरच्या मोटारी उचलतात. तेच बंदिस्त जलवाहिनीतून थेट पिंपरी-चिंचवडला गेलं, तर मोटारीखाली उरणार काय?

मग शहरानं तहानेलं राहायचं का, हा प्रश्न रास्त आहे. पण शहराच्या गरजेवरून पाणी किती लागेल एवढंच कळतं. कुणाच्या वाट्याचं घ्यायचं, हे त्या वाट्याच्या धन्याला विचारूनच ठरायला हवं. नुसती तहान पेट घेत असती, तर कोचाबांबाचा दक्षिण भाग रोज पेटला असता. करार रद्द झाला, कारभार पुन्हा नगरपालिकेच्या कंपनीकडे आला, तरी तिथल्या टेकड्यांवर कित्येक घरांना नळ मिळाला नाही. दारात २०० लिटरचं पिंप, त्यात टँकरचं पाणी, आणि तेही नळापेक्षा महाग. हा अन्याय मोठाच आहे, पण त्यावरून २००० सारखा उठाव झालेला नाही.

तहानेनं नव्हे, तर न विचारता हात घातल्यानं पेटतं, हे दोन देशांमधल्या भांडणातही दिसतं. आपल्या किनाऱ्यावरच्या चिलीच्या कंपन्यांवर २५ वर्षं नवा कर लावणार नाही, असा शब्द बोलिव्हियानं १८७४ च्या तहात दिला होता. तरी १८७८ मध्ये त्यानं सोऱ्यावर क्विंटलमागे १० सेंटाव्होचा कर बसवला. चिलीला सोरा हवाच होता, ती हाव नाकारता येत नाही. पण मोडलेल्या शब्दानं तिला निमित्त दिलं. फेब्रुवारी १८७९ मध्ये चिलीचं सैन्य आंतोफागास्ताला उतरलं आणि बोलिव्हियाचा किनारा गेला.