तान्ह्या बाळाचे अंथरूण कसे असावे ?

मुंबईतील परळलगतचा भोईवाडा हा गिरणगावातील जुना कामगार विभाग होय. याच परिसरात १९२६ साली नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह व १९२९ साली बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय सुरू झाले. आता गिरण्या बंद पडल्या आहेत व उंच इमारती उभ्या राहत आहेत. तरीही एका खोलीत पाच-सहा माणसांचा संसार येथे आजही आढळतो. बाळंतीण बाळासह अशा घरी परतली, की बाळाला निजवावे कोठे व कशावर, हा प्रश्न पहिल्याच रात्री उभा राहतो.

आजी मायेने मऊ गोधडी, राईची उशी, कुंची, दुपटी असा सरंजाम सिद्ध ठेवते. त्यामागील जिव्हाळा निर्विवाद आहे. परंतु बाळाचा श्वास मोकळा राहावा, या कसोटीवर प्रत्येक वस्तू पारखून घेणे अगत्याचे आहे.

धोका कोठे आहे ?

नवजात अर्भकाच्या मानेत बळ नसते. नाकतोंड मऊ कापडात रुतले, तर त्याला डोके वळविता येत नाही. त्याने सोडलेली हवा त्या खळग्यातच साचते व तीच पुन्हा श्वासावाटे आत जाते. त्यामुळे प्राणवायू कमी पडतो व झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. म्हणून बाळाला प्रत्येक वेळी उताणेच निजवावे. कुशीवर निजविलेले बाळ सहज पालथे होते. उताण्या बाळाने दूध बाहेर काढल्यास ते घशात अडकेल, अशी भीती सर्वत्र आढळते. वस्तुतः उताण्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूस राहते. त्यामुळे दूध सहसा श्वासनलिकेत उतरत नाही. अमेरिकेत १९९२ साली बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळास पालथे न निजविण्याचा सल्ला दिला व १९९४ पासून त्याची देशव्यापी मोहीम झाली. त्यानंतरच्या दशकात तेथील झोपेतील अकस्मात बालमृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

अंथरुणाची निवड

अंथरूण सपाट व घट्ट असावे. तळहाताने दाबून हात उचलताच ते पूर्ववत झाले पाहिजे. यासाठी महाग गादीची गरज नाही. जमिनीवर घडी केलेली सतरंजी व तिच्यावर ताणून खोचलेली सुती चादर पुरेशी होते. उशी, लोड, तक्के व मऊ खेळणी बाळाजवळ ठेवू नयेत. डोके गोल व्हावे म्हणून वापरली जाणारी राईची उशीही वर्ज्य समजावी. पाळणा असल्यास त्याचा तळ सपाट असावा व गादी आणि कड यांत फट राहू नये. लुगड्याच्या झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वासमार्ग दुमडतो. म्हणून झोळीत झोपलेल्या बाळाला एकटे सोडू नये.

बाळाने आईच्या खोलीतच, तिच्या हाताच्या अंतरावर, परंतु स्वतंत्र अंथरुणावर निजावे. धूम्रपान वा मद्यपान करणाऱ्या व्यक्तीने बाळाला आपल्या अंथरुणात घेऊ नये.

ऊब व स्वच्छता

नवजात बाळास, विशेषतः कमी वजनाच्या बाळास, ऊब अत्यावश्यक असते. त्यासाठी आईच्या त्वचेशी सान्निध्य व अंगाबरोबरचे कपडे उपयुक्त ठरतात. सैल, जड पांघरूण नव्हे. मानेमागे वा छातीवर घाम आढळल्यास एक कपडा कमी करावा. गळ्यातील दोरा व कुंचीची नाडी झोपताना काढावी. पावसाळ्यात दुपटी नीट वाळत नाहीत. ओलसर दुपटे वापरू नये. मच्छरदाणी ताणून बांधावी, म्हणजे ती तोंडावर पडणार नाही.

आपले कर्तव्य

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांनी घरोघरी नवजात बालकांच्या सेवेचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ पासून अशी गृहभेट देशभर आशा कार्यकर्तींकडे सोपविण्यात आली. रुग्णालयातील प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी या भेटी होतात. त्या वेळी बाळाचे वजन व ताप यांबरोबरच त्याचे अंथरूणही पाहिले जावे. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत, शिक्षकांनी पालकसभेत व अंगणवाडी सेविकांनी माता बैठकीत हा विषय मांडावा. सल्ला आजीलाही सांगावा, कारण घराघरांत बाळाला निजविण्याचे काम बहुधा तिच्याकडेच असते. या दक्षतेला खर्च जवळजवळ काहीच येत नाही. बाळाचा श्वास मात्र तीमुळे सुरक्षित राहतो.