मोबाइलमधील अ‍ॅप आणि सहीचा मेळ

गेल्या लग्नसराईत आमच्या अमळनेरच्या दुकानातील मोबाइलवर उधारीच्या अ‍ॅपची नवी आवृत्ती चढवू लागलो, तर सूचना आली की जुन्या अ‍ॅपशी मेळ बसत नाही. घाईत एकाच्या सांगण्यावरून जुने काढून टाकले. नवे बसले, पण तीन महिन्यांची उधारी पुसली गेली. व्यापारी बांधवांवर हा प्रसंग येऊ नये, म्हणून हे चार शब्द.

अँड्रॉइड मोबाइलमधील प्रत्येक अ‍ॅपवर गुप्त किल्लीने केलेली सही असते. गिरणीच्या थानावर छाप असते, तशीच. मात्र छापेची नक्कल करता येते, ही सही किल्लीवाचून होत नाही. अ‍ॅपचे अंतर्गत नाव तेच आणि सही वेगळी असेल, तर मोबाइल नव्याला जुन्याच्या जागी बसू देत नाही. बसू दिले, तर जुन्यातील सारा हिशेब परक्याच्या हाती जाईल. तेव्हा ही अडवणूक नव्हे, राखण आहे.

सही वेगळी का येते? बहुधा एक प्रत प्ले स्टोअरमधून आणि दुसरी व्हॉट्सअ‍ॅपवरून घेतलेली असते. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर येणाऱ्या नव्या अ‍ॅपवर गूगलकडील किल्लीने सही होते. त्यामुळे त्याच कंपनीने परस्पर दिलेल्या फाइलवर दुसरी सही असू शकते. कोणी फेरफार केलेली प्रतही अशीच अडते.

उपाय असा. जुने अ‍ॅप जिथून घेतले, तिथूनच नवे घ्यावे. ते न जमल्यास हिशेबाचा बॅकअप मोबाइलबाहेर ठेवावा, तो उघडतो याची खात्री करावी, मगच जुने काढून नवे बसवावे. तरीही अडल्यास मोबाइलमधील दुसऱ्या वापरकर्त्याच्या खात्यात किंवा दुहेरी अ‍ॅपच्या सोयीत जुनी प्रत राहिली आहे का, ते पाहावे.

एक खबरदारी अवश्य घ्यावी. पहिल्यांदाच बसविलेल्या अ‍ॅपला ताडून पाहण्यास जुनी सही नसते. म्हणून वाहनाच्या दंडाचे चलान म्हणून आलेली अनोळखी फाइल सहीवरून अडत नाही आणि ती बसवली तर बँकेचे खाते रिकामे होऊ शकते. अशी फाइल उघडू नये. फसगत झालीच, तर तात्काळ १९३० वर कळवावे. छाप पाहिल्याशिवाय आपण माल उतरवून घेत नाही. मोबाइलातही तोच रिवाज ठेवावा.