गाडीतील धुराचा व इंधनाचा वास

अजिंठ्याची लेणी पाहावयास येणाऱ्यांची वाहने फरदापूरच्या फाट्यावरच थांबविली जातात. तेथून पुढील सुमारे ४ किलोमीटर अंतर प्रवाशांना बसने जावे लागते. वाहनांच्या धुराची बाधा प्राचीन चित्रांना होऊ नये, हा त्यामागील हेतू होय. चित्रांची ही काळजी योग्यच आहे. तथापि ज्या जीपमधून कुटुंब फाट्यापर्यंत आले, तिच्या आत धूर शिरत होता काय, हे क्वचितच कोणी पाहतो.

फरदापूरहून अजिंठा गावाकडे चढणारा घाट ही गाडीची खरी परीक्षा होय. गाडी भरलेली, वेग मंद, इंजिनावर ताण. त्यात वारा पाठीमागून असला, तर धूर गाडीबरोबरच चालतो. मागील बाकावरील मूल पेंगू लागते, कोणाला मळमळते, कोणाचे डोके दुखते, आणि 'गाडी लागली' असे म्हणून सारे स्वस्थ बसतात. परंतु ज्यांना एरवी गाडी लागत नाही, अशा दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर संशय धुराचाच घ्यावा. धुरातील कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूस रंग नाही व वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे जखडतो. आपणांस जाणवतो तो धुरातील इतर द्रव्यांचा वास. म्हणून त्यास सूचना समजावे. तो झाकण्यासाठी अत्तर वा उदबत्ती वापरू नये. पेट्रोलचा वास येत असता उदबत्ती पेटविणे म्हणजे तर आगीस आमंत्रणच.

प्रथम वास कोणता हे ठरवावे. जळलेल्या धुराचा वास निराळा व कच्च्या इंधनाचा निराळा. नंतर तो केव्हा येतो हे पाहावे. टाकी भरल्यावरच येत असेल तर झाकण व त्याचे रबर तपासावे. इंजिन सुरू करताच येत असेल तर इंधनाच्या रबरी नळ्या, त्यांच्या क्लिपा व फिल्टरचे सांधे कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा ओल येते काय ते पाहावे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने खाली साचते. यास्तव तपासणीच्या वेळी कंदील, काडी वा विडी जवळ नसावी. बॅटरीचा दिवा घ्यावा, तोही दुरूनच लावून आणावा.

धूर चालत्या गाडीतच येत असेल, तर दोष पुष्कळदा मागील बाजूस सापडतो. गाडी पुढे जाताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. मागील दार वा ताडपत्री उघडी असली की धूर आत ओढला जातो. काळी-पिवळीत सामान बाहेर डोकावत असताना हेच घडते. दाराचे रबर व तळाच्या पत्र्यातील भोके यांकडेही लक्ष द्यावे. गंजलेला पत्रा गालिच्याखाली दिसत नाही.

उभ्या गाडीतही वास येत असेल, तर इंजिनपासून सायलेन्सरपर्यंत नळी तपासावी. गॅस्केट फुटलेल्या जागी काजळीचा काळा पट्टा उमटतो. उघड्या जागी, हातब्रेक लावून, थंड इंजिन सुरू करावे. दुसऱ्या माणसाने नळीच्या तोंडाशी ओले जाड फडके क्षणभर धरावे. दाब वाढताच गळतीच्या जागी फुसफुस ऐकू येते. बंद शेडमध्ये हा प्रयोग कदापि करू नये. फट सापडल्यास चिंधी गुंडाळून भागत नाही. मिस्त्रीकडून गॅस्केट बदलून वा वेल्डिंग करूनच घ्यावे.

वाटेत वास आला, तर पुढील खिडक्या उघडाव्यात, मागील दार बंद करावे व पहिल्या सोयीच्या जागी गाडी उभी करून सर्वांस खाली उतरवावे. मोकळ्या हवेतही ज्याचे डोके हलके होत नाही वा जो गुंगीत राहतो, त्यास विलंब न करता दवाखान्यात न्यावे. ग्रामसेवकांनी लग्नसराईपूर्वी गावातील जीपधारकांस ही तपासणी करून दाखवावी. दुरुस्तीनंतर माणसांऐवजी पोती भरून गाडी एकवार घाट चढवून आणावी.