अडुळशाचा रस आणि मळणीचा धुराळा
परसातली औषधं : लेखांक 5

मागच्या आठवड्यात आलं-तुळशीचा काढा पाहिला. आज अडुळसा.

दसरा-दिवाळीच्या सुमारास नांदेड-लातूरच्या शिवारात सोयाबीनच्या मळण्या सुरू होतात. पुढे तूर, मग हरभरा आणि ज्वारी. मळणीयंत्राच्या तोंडाशी उभा असलेला गडी आणि भुसकट ओढणाऱ्या बाया दिवसभर धुराळा गिळतात. लातूरच्या डाळ मिलमधल्या हमालांचंही तेच. संध्याकाळी घसा खवखवतो, रात्री खोकल्याची ढास लागते आणि कुणीतरी कुंपणाचा अडुळसा तोडून आणतं.

हा पाला इतका कडू, की शेरडंही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. त्यात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्याच रचनेवरून 1960च्या दशकात ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं. ब्रोमहेक्सिनपासून शरीरात बनणारं अँब्रोक्सॉल आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर छापलेलं दिसतं. या औषधांचं काम एकच : चिकट कफ पातळ करून सुटा करणं.

नुसतं कुटलं तर अडुळशाचं पान रस सोडत नाही. म्हणून वैद्य पुटपाक करतात : पानांचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा आणि निखाऱ्यात भाजायचा. घरी सोपी रीत आहे. जून पानं धुऊन इडलीच्या भांड्यात मऊ पडेपर्यंत वाफवा, कुटा आणि फडक्यातून पिळा. मोठ्या माणसानं चमचाभर रस तितक्याच मधातून दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस घ्यावा. गरोदर बाईला तो अजिबात देऊ नका. व्हॅसिसिननं गर्भाशय आकुंचन पावतं. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधाचं बोटही चाटवू नये.

रसानं कफ सुटतो, पण फुफ्फुसात खोल गेलेली धूळ धुऊन निघत नाही. ती आत जाऊ न देणं हाच खरा उपाय. यंत्र असं लावा, की वारा माणसांच्या पाठीवर येईल आणि भुसकट पुढे उडेल. तोंडाला उपरणं बांधलेलं बरंच, पण बारीक धूळ त्यातून आत जाते. एन-95 मास्क ती बरीच अडवतो.

सर्वांत मोठा धोका वेगळा आहे. जुन्या ग्रंथांत क्षयावर आणि थुंकीतून रक्त पडण्यावर अडुळशाची मोठी थोरवी सांगितली आहे. तेव्हा क्षयाचा जंतूच ठाऊक नव्हता. रॉबर्ट कॉख यांनी तो 1882 साली दाखवला. आज साधा क्षय सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. तरीही रक्त दिसल्यावर कुणी रस पीत घरी बसला, तर त्याचा आजार वाढतो आणि घरातल्या लेकरांनाही लागू शकतो. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेलं वजन किंवा थुंकीत रक्त, यांतलं एकही दिसलं तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. क्षयाची तपासणी आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. दम लागत असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

पुढच्या आठवड्यात : ज्येष्ठमध, आणि रक्तदाब असणाऱ्यांनी ते जपून का घ्यावं.