दुकानाचा फोन आणि नको असलेले कॉल : बंदोबस्त कोठे करावा?

टेलिफोन हा दुकानाचा दुसरा दरवाजा आहे. भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला सुताचा भाव, मालेगावच्या साडी कारखानदाराला दलालाचा निरोप, मस्जिद बंदरच्या सुक्या मेव्याच्या व्यापाऱ्याला बाहेरगावची मागणी फोनवरच कळते. मात्र याच दरवाजातून कर्ज, क्रेडिट कार्ड, विमा आणि फ्लॅट विकणारेही दिवसभर आत येतात. ज्या पेढीत दोनच लाईन आहेत, तेथे असा एक कॉल चालू असेपर्यंत निम्मा धंदा अडून राहतो. नेमक्या त्याच वेळी मोठ्या गिऱ्हाइकाला फोन एंगेज लागला, तर ते पुढच्या दुकानात जाते.

यावर कित्येकजण सोपा उपाय करतात. ओळखीच्या नंबरांशिवाय कोणाचाही कॉल घ्यायचा नाही, अशी सोय ते फोनवर करून ठेवतात. घरच्या फोनसाठी हे ठीक आहे, धंद्यासाठी ते नुकसानीचे आहे. नवे गिऱ्हाईक अनोळखी नंबरावरूनच येते. परदेशी नंबर सरसकट बंद केले, तर दुबई किंवा जेद्दाहचा खरेदीदारही बाहेरच राहतो. म्हणून दरवाजा बंद करण्याऐवजी उपद्रवी माणसाला कोठे अडवायचे, ते ठरवले पाहिजे.

पहिला बंदोबस्त : टेलिफोन कंपनीकडे

कॉल आपल्या दुकानापर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडवणे सर्वांत चांगले, कारण मग लाईन अडकत नाही. यासाठी ट्रायची ‘डीएनडी’ नोंदणी आहे. मोबाईलवरून इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट ०’ असा एसएमएस १९०९ या नंबरावर पाठवावा. लँडलाईनवरून १९०९ ला फोन करून नोंदणी करता येते. सगळ्याच जाहिराती बंद करायच्या नसतील, तर बँक-विमा, जमीन-घरे, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे विषय निवडून तेवढेच बंद करता येतात. बँकेतील जमा-खर्चाचे संदेश या नोंदणीने बंद होत नाहीत.

दुकानात चार कनेक्शन असतील, तर चारही नंबरांची नोंदणी करावी. एकाच नंबराची करून थांबले, तर उरलेल्या तीन लाईनींवर घंटी वाजतच राहते.

नोंदणीनंतरही कॉल आला, तर तक्रार करावी. पूर्वी त्यासाठी ३ दिवसांची मुदत होती. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने ती ७ दिवस झाली. नोंदणी न करता जाहिरातीचे कॉल करणाऱ्याविरुद्ध १० दिवसांत ५ तक्रारी आल्या, तरी आता कारवाई होऊ शकते. पूर्वी ७ दिवसांत १० तक्रारी लागत. तेव्हा “माझ्या एकट्याच्या तक्रारीने काय होणार?” असे म्हणू नये. बाजारातील पाच दुकानदारांनी मनावर घेतले, तर काम होते.

दुसरा बंदोबस्त : आपल्या ईपीएबीएक्सवर

बहुतेक नव्या ईपीएबीएक्समध्ये नको असलेल्या नंबरांची यादी भरता येते. पण येणारा नंबर यंत्राला वाचता आला पाहिजे. त्यासाठी लाईनवर कॉलर आयडी चालू आहे का आणि यंत्रात तो वाचण्याची सोय आहे का, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. साध्या तांब्याच्या तारेच्या लाईनवर यंत्र फार तर घंटी वाजू देत नाही. समोरचा फोन ठेवेपर्यंत लाईन अडकलेलीच राहते. पीआरआय किंवा एसआयपी लाईनवर मात्र कॉल तिथल्या तिथे परत धाडता येतो.

एकेक नंबर भरत बसण्यापेक्षा सुरुवातीच्या आकड्यांवरून अडवणे सोयीचे. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेले आहेत. ते अडवावेत. बँका वगैरेंच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ची मालिका आहे. ती मोकळी ठेवावी.

यंत्राकडून येणाऱ्या रेकॉर्ड केलेल्या कॉलवर ‘ऑटो अटेंडंट’ उपयोगी पडतो. “मालाच्या चौकशीसाठी १ दाबा, हिशेबासाठी २ दाबा” एवढे वाक्य पुरे. माणूस बटण दाबतो, रेकॉर्ड सहसा दाबत नाही. काही न दाबल्यास थोड्या वेळाने कॉल तोडावा, अशी व्यवस्था करून घ्यावी. गिऱ्हाइके वयस्कर असतील, तर अशा वेळी कॉल तोडण्याऐवजी काऊंटरवर पाठवावा.

तिसरा बंदोबस्त : फोन उचलणाऱ्याकडे

फसवणूक करणारे नंबर बदलत राहतात. त्यांच्यापुढे कोणतीही यादी अपुरी पडते. परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणारे कॉल अडवण्याची यंत्रणा सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली, तरी सावधगिरी सुटत नाही. मुनीम, काऊंटरवरचा मुलगा, घरातील मंडळी सर्वांना सांगून ठेवावे की, ओटीपी, बँकेचा तपशील किंवा जीएसटीचा पासवर्ड फोनवर कोणालाही द्यायचा नाही. संशयास्पद कॉलची माहिती ‘संचार साथी’च्या ‘चक्षू’ सेवेवर द्यावी. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० वर कळवावे.

आपल्याकडूनही जपावे

ईदच्या हंगामात नवा माल आला की, जुन्या वहीतले नंबर काढून मुलांना फोन करायला बसवण्याची पद्धत पुष्कळ दुकानांत आहे. नोंदणी न करता आणि समोरच्याची संमती न घेता असे जाहिरातीचे कॉल केले, तर तक्रार आपल्यावरही होऊ शकते. नियमभंग ठरल्यास पहिल्या वेळी १५ दिवस सर्व लाईनींचे बाहेर जाणारे कॉल बंद होतात. पुन्हा घडल्यास सर्व कनेक्शन वर्षभरासाठी तोडली जातात. ऐन हंगामात १५ दिवस फोन बंद राहणे कोणत्या दुकानदाराला परवडेल? आपल्याला जो कॉल नकोसा वाटतो, तो दुसऱ्याला करू नये, हेच शहाणपणाचे.